बांगडी वाढली

सर,

बांगडी वाढते. नववीत तुम्ही माझ्या निबंधातल्या या शब्दाखाली लाल रेघ मारली होती आणि वही हातात धरून वर्गाला वाचून दाखवलं होतं. "आईच्या हातातली बांगडी वाढली, असं ही मुलगी लिहिते. दुधी वाढतो. महागाई वाढते. बांगडी वाढत नाही, फुटते." वर्ग हसला. मीही हसले, बाकीच्यांपेक्षा जरा मोठ्यानेच. आमच्या घरी फुटली हा शब्द बांगडीसाठी कोणी वापरत नसे. आई, मावशी, शेजारच्या बायका, सगळ्या वाढली म्हणायच्या. फुटली म्हणणं अशुभ, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मला तो शब्दच तसा आहे असं वाटत होतं. तुम्ही वही परत देताना म्हणालात, "शब्दाला भ्यायचं नाही. जे झालं ते लिहायचं." त्या दिवसापासून माझी बांगडी फुटते. घरी आईसमोर मुद्दाम तसं म्हणाले, तेव्हा तिने हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली. मला वाटलं, मी जिंकले.

हे पत्र मी तिसऱ्यांदा सुरू करते आहे. दोन ओळी झाल्या की उठते, खिडकी उघडते, लावते, परत बसते. तुमच्याशी भांडायचं आहे आणि भांडणाला तुम्ही नाही. तुम्ही मेलात तेव्हा मी नांदेडलाच एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पेपरात दुःखद निधन असं छापून आलं. तुम्ही असता तर त्यातला पहिला शब्द खोडला असता आणि दुसऱ्यावर विचार केला असता. मेलात, असं आदराने लिहिताना हात अडखळतो. पण तुमच्याच स्वयंपाकघरात हे ठरलं होतं. रविवारी आम्ही तीन-चार मुलं वह्या घेऊन तुमच्याकडे यायचो आणि तुम्ही एकीकडे वरण करत, एकीकडे आमची वाक्यं ऐकत उभे असायचात. एकदा मी विचारलं, काकूंना जाऊन किती वर्षं झाली. तुम्ही पळी वरणात तशीच ठेवलीत. "गेली नाही. मेली. दवाखान्यात दोन दिवस मला सरळ कोणी सांगेना. तब्येत नाजूक आहे म्हणाले, प्रयत्न चालू आहेत म्हणाले, मग देवाज्ञा झाली म्हणाले. मी विचारलं, मेली का. तर मीच मारल्यासारखे माझ्याकडे बघायला लागले." मग तुम्ही मीठ घातलंत, चव घेतलीत, पुन्हा घातलंत. तुमची ती लाल रेघ कुठून येते ते मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर मी तुमचं सगळंच ऐकत गेले, ऐकायला नको होतं तेही.

आता मी लातूरला मेंदूच्या एका दवाखान्यात काम करते. डॉक्टर नाही. कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते, तासिका बंद झाल्या. तेव्हा इथल्या डॉक्टर मॅडमना मराठी वाक्यं लिहून देणारं कोणीतरी हवं होतं. पेशंटच्या डोक्यावर टोपी घालतात. तिला आतून छोट्या छोट्या चकत्या असतात, त्यांना वायरी. मेंदूत जी बारीक वीज चालते ती त्या चकत्या टिपतात आणि पडद्यावर रेघा उमटतात. आधी नुसते आवाज ऐकवायचे. टिक, टिक, टिक, मध्येच टुक. टुक झालं की रेघ जरा वेगळी हलते. याने कळतं की ऐकू येतं आहे आणि फरक कळतो आहे. मग वाक्यं. अर्धी सरळ, अर्धी शेवटच्या शब्दाशी बिघडलेली. ज्याला भाषा कळते त्याचा मेंदू त्या बिघडलेल्या शब्दाशी ठेचकाळतो, अर्ध्या सेकंदाच्या आत. तोंडाने काही सांगू न शकणाऱ्या माणसाचंही ते ठेचकाळणं दिसू शकतं. एका वाक्यात दिसत नाही, ते बाकीच्या गडबडीत बुडून जातं. पुष्कळ वाक्यं ऐकवायची आणि सगळ्यांची सरासरी काढायची.

मॅडमकडे इंग्रजीवरून केलेली यादी होती. तिच्यात शेवटचा शब्द नाम होता, आणि त्यामुळे प्रत्येक वाक्य उलटं घातलेल्या सदऱ्यासारखं वाटत होतं. मी त्यांना म्हणाले, मराठीत शेवटी क्रियापद येतं. भाकरी, तवा, चूल सगळं येऊन जातं आणि तरी त्या भाकरीचं काय झालं ते शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही. मॅडम म्हणाल्या, मग तुम्हीच लिहा. नियम एवढाच होता की एकच क्रियापद एका वाक्यात बरोबर यायला हवं आणि दुसऱ्यात चूक. "सुनेने सगळ्यांना भाजी वाढली." हे बरोबर. आता वाढली हा शब्द चुकीच्या जागी बसवायचा होता. मी लिहिलं, "पडल्यावर तिच्या हातातली बांगडी वाढली." मला फार विचार करावा लागला नाही. यादी पूर्ण झाली, मी माझ्याच आवाजात ती रेकॉर्ड केली, आणि तुम्ही असता तर एकही रेघ मारली नसती.

देगलूरची एक बाई आमच्याकडे आली. मणियार, बाजारात बांगड्यांचं दुकान, नवरा गेल्यावर ती एकटी चालवत होती. मेंदूत रक्तस्राव झाला होता. काही महिने उलटले तरी डोळे उघडायची, मिटायची, इतकंच. बोट हलव म्हटलं तर हलत नव्हतं. तिची मुलगी उदगीरला दिलेली. आपली दोन पोरं सासरी ठेवून ती आईजवळ येऊन राहिली होती आणि दिवसभर आईशी बोलत असायची. भाव, भांडणं, कोणाचं लग्न मोडलं, सगळं. टोपी घालण्याआधी केसांना तेल चालत नाही म्हणून तिने आईचे केस धुऊन आणले. मला म्हणाली, "तीन डाव धुतले, ताई. आता कपाळ बघा, निवडणुकीतल्या पुढाऱ्यावानी चकाकून राहिलंय." मग त्याच आवाजात म्हणाली, "अम्माला ऐकू येतंय, ते मला बी माहीत हाय. भांडं पडलं की पापणी हालती. मी बोलते ते समजून राहिली का, तेवढं मशीनला इचारा. भाई म्हनतोय, तू भिताडाशी बोलून राहिलीस, पोरांकडं जा." तिचा भाऊ मालवाहू ऑटो चालवतो. आईला शुक्रवारी घरी न्यायचं, खाऊ घालायला बाई लावायची आणि बहिणीला सासरी पाठवायचं, असं त्याने ठरवलं होतं. वाईट माणूस नव्हे. तो दर खेपेला आईच्या पायाला हात लावून उभा राहायचा आणि बोलायचं सुचत नसल्यासारखा लगेच बाहेर जायचा.

टिक-टुकला रेघ चांगली हलली. वाक्यांना हलली नाही. सरळ आणि बिघडलेली, दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या. मॅडमनी मुलीला समजावून सांगितलं की फरक दिसला नाही याचा अर्थ तिला समजत नाही असा नव्हे, धडधाकट माणसांतही कधीकधी दिसत नाही. मुलीने मान डोलावली. मॅडम गेल्यावर मला म्हणाली, "म्हणजे न्हाई." ती आत गेली आणि आईजवळ गप्प बसली. मी तिला गप्प बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला रेकॉर्डिंगचा आवाज तपासायला सांगितला. कानाला लावून मी माझाच आवाज ऐकत होते. स्वच्छ, एकेक अक्षर वेगळं. आजोबांनी कंदील मालवला. तिने वेणीत गजरा माळला. बाबांनी जेवणानंतर शतपावली घातली. ही सगळी सरळ वाक्यं. मग आलं, पडल्यावर तिच्या हातातली बांगडी वाढली. समोरच्या कागदावर त्यापुढे चूक अशी खूण होती. मी कानावरचं काढलं. जन्मभर बांगड्या विकलेल्या बाईला मी हे वाक्य बिघडलेलं म्हणून ऐकवलं होतं. आणि बांगडी फुटली हे सरळ म्हणून. तिच्या दुकानात कोणी फुटली म्हणालं असतं तर तिने त्याला पायरीवरून खाली उतरवलं असतं. उरलेल्या यादीकडे पाहिलं तर देगलूरमध्ये गजरा माळला असं कोण म्हणतं. शतपावली घातली असं कोण म्हणतं. सरळ वाक्यं तिला परकी, आणि बिघडलेल्यांतली काही तिच्या रोजच्या बोलण्यातली. मग दोन रेघा एकमेकींवर बसतील नाही तर काय.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "एका वाक्याने सरासरी हलत नाही." मी म्हणाले, एकच नाही. त्यांनी यादी पाहिली. "पण तुम्ही तर नांदेडच्याच ना?" मी नांदेडची आहे आणि ती वाक्यं नांदेडची नाहीत. तुमची आहेत. तुम्ही साताऱ्याकडून आलात, आमच्या तोंडातलं सगळं बोलणं तुम्हाला ओबडधोबड वाटायचं, आणि आम्हाला तुमचं बोलणं इस्त्री केल्यासारखं. आम्ही ते घातलं आणि परत काढलंच नाही. तुम्ही भित्र्या शब्दांवर चिडून होतात हे मला मान्य आहे. पण तुम्ही भित्रे शब्द आणि आमचे शब्द एकाच रेघेखाली खोडलेत. हे मला मॅडमसमोर सुचलं. तिथे बोलून उपयोग नव्हता. मॅडम म्हणाल्या, "गुरुवारी सकाळी मशीन मोकळं आहे. एकदाच होईल."

मुलगी आणि मी दवाखान्याच्या चहाच्या टपरीमागच्या ओट्यावर बसलो. मी तिला चूक कशी झाली ते सांगितलं. ती आधी हसली. "बांगडी फुटली म्हनलात अम्माच्या कानात? बरं झालं तिला उठता येईना." मग विचारलं, "अम्मा माझ्याशी दखनीत बोलती. गिऱ्हाईकाशी मराठीत. पलीकडच्या तेलुगू बायांशी तेलुगूत. मशीनला कोंची पायजे?" मी म्हणाले, ज्या भाषेत ती चिडते ती. "चिडायला तिन्ही लागतेत तिला." शेवटी दुकानातली मराठी घ्यायची ठरली, कारण ती मलाही लिहिता येणार होती. म्हणजे मला तसं वाटत होतं. मी लिहिलं, "बाईच्या हातात बांगडी घातली." ती म्हणाली, "घालायला ती काय टोपी हाय? बांगडी भरतेत." मी खोडलं. "हाताला साबण लावून बांगडी भरली." हे सरळ. बिघडवायचं कसं, म्हणून तीच म्हणाली, "हाताला साबण लावून बांगडी शिजवली." आणि तोंडावर पदर धरून हसत सुटली. "अम्माने हे ऐकलं ना ताई, उठून मारती मला." हसता हसता थांबली आणि माझ्या हातातल्या कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लिवा लिवा. शिजवलीच लिवा."

यादी संपेपर्यंत चहा गार झाला. वाक्यं तिच्याच आवाजात रेकॉर्ड केली. माझ्या आवाजात ती खोटी वाटत होती. मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा नाटकात गावाकडची बाई करतात तसं झालं. गुरुवारी टोपी घातली, टेक्निशियनने एकेक चकती दाबून पाहिली, आणि लेकीचा आवाज आईच्या कानात सुरू झाला. लेक स्वतः बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती. आत फक्त रेघा चालल्या होत्या. मी पडद्याकडे पाहत होते आणि मला काहीच वाचता येत नव्हतं. भरली, शिजवली, सगळं त्या गडबडीत सारखंच दिसत होतं.

सरासरी काढली तेव्हा दोन रेघा एका जागी थोड्या सुटल्या. जिथे सुटायला हव्यात साधारण तिथेच. मॅडम पडद्याजवळ वाकून पाहत होत्या. "आहे काहीतरी. पण फार बारीक आहे. पापण्यांच्या हालचालीनेही असं होतं. शिवाय आवाज लेकीचा आहे, नुसत्या आवाजाचाही परिणाम असेल. एवढ्यावर हो म्हणता येत नाही. नाही म्हणता येत नाही." मी म्हणाले, असंच सांगायचं? त्या म्हणाल्या, "असंच आहे."

शुक्रवारी भाऊ ऑटो घेऊन आला. मागे गादी घातली होती, वर ताडपत्री. मॅडमनी दोघांना बसवून सगळं समजावलं, जे मला सांगितलं तेच, दोन्ही बाजू, आणि त्यांना दुसरा पेशंट आला म्हणून त्या गेल्या. भाऊ माझ्याकडे वळला. "मॅडम लई बोलल्या, मला एक बी कळलं न्हाई. तुमी मराठीच्या हाव. एका शब्दात सांगा. तिला कळतंय का?"

एका शब्दात ते सांगता येणार नाही, असं मला म्हणायचं होतं. ते सोडून मी मॅडमचंच बोलणं सांगायला लागले, "न्हाई..." आणि त्याने मान खाली घातली. त्याला हवा तो शब्द मिळाला होता. तो उठलाच. बहिणीकडे न बघता म्हणाला, "चल. तुझं सामान भर." ती जागची हलली नाही. "बस की, भाई. ताईचं बोलनं संपलं का? अर्ध्यातच उठून राहिलास."

तो उभाच राहिला. दोघं माझ्याकडे बघत होते. मी वाक्य पुरं केलं. "न्हाई म्हनता येत न्हाई."

भावाने ते मनाशी एकदा म्हटलं, ओठ हलले. बहिणीने म्हटलंच नाही, तिला लगेच कळलं. ती भावाला म्हणाली, "मी देगलूरला येते. अम्माजवळ राहते. पोरांना बी तिकडंच आनू, शाळा काय उदगीरलाच असती का?" तो म्हणाला, "तुझा नवरा?" ती म्हणाली, "त्याला मी सांगते. त्याला तर मशीन लावायची बी गरज न्हाई, त्याला कळतच न्हाई." भाऊ हसला. मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी आईला गादीवर निजवलं, लेक तिच्या डोक्याशी बसली आणि ऑटो फाटकाबाहेर पडायच्या आतच तिचं बोलणं सुरू झालं.

मॅडमचं वाक्य दोन अर्ध्यांचं होतं, सर. मी एकच अर्धं सांगितलं. मॅडमनी दोन्ही सांगितली होती, हे खरं. मी म्हणाले ते शब्दही खरेच होते, एकही भित्रा नव्हता. तरी मला माहीत आहे की तुम्ही वही परत दिली असती. पूर्ण लिही, म्हणाला असतात. ती लेक आता घर सोडून, पोरांची शाळा बदलून देगलूरला बसली आहे, आणि रेघा कदाचित पापणीच्या असतील. मी हे मनात उलटंपालटं करत असते, भाजी निवडताना, बसमध्ये. उरलेलं अर्धं, हो म्हणता येत नाही हे, सांगायला हवं होतं, असं एकदा वाटतं. मग ती ओट्यावर हसताना थांबली होती ते आठवतं, आणि वाटतं, नको.

पण मी बेचैन आहे ती याने नाही. याने असते तर पत्र लिहिलं नसतं. ती बाई येण्याआधी वर्षभर माझी यादी चालू होती. गजरा माळला, कंदील मालवला. किती जणांना ऐकवली ते फाइलींमध्ये आहे, मी मोजलेलं नाही. त्यात हदगावचा एक माणूस होता. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, पक्षाघात झालेला, वाचा गेलेली. त्याचा कागदही फरक आढळला नाही असाच निघाला. त्याची बायको बुटकी, कमी बोलणारी. मॅडमचं बोलणं ऐकून तिने काही विचारलं नाही. पलंगावरची चादर घडी करून पिशवीत घातली आणि नवऱ्याच्या खांद्यावरचा टॉवेल सरळ केला. तिने काय ऐकलं असेल ते मला आता कळतं. तिने न्हाई ऐकलं असणार, आणि तिथे वाक्य संपलं नाही असं म्हणणारं कोणी नव्हतं. मी होते. मी दाराशी उभी होते.

मॅडमशी बोलले. त्या म्हणाल्या, जुन्या पेशंटना परत बोलवायचं तर आधी नवी यादी बऱ्याच जणांवर तपासावी लागेल, वेळ लागेल, पण करू. त्या करतील. मला तेवढा दम नव्हता. काल जेवणाच्या सुट्टीत मी फाइलमधून हदगावचा नंबर घेतला आणि जिन्यात उभी राहून लावला. काय बोलायचं ते ठरवलं होतं. आमची वाक्यं चुकली होती, तुमच्या माणसाची परीक्षा झालीच नाही असं समजा, त्यांच्याशी बोलत राहा. सरळ, सर, तुमच्या पद्धतीने.

बराच वेळ वाजला. मग तिने उचलला. पण ती आधी माझ्याशी बोलली नाही. फोनपासून तोंड वळवून कोणालातरी म्हणत होती, "अहो, जरा दम धरा, फोन आलाय कुनाचा तरी. मग सांगते तिनं काय केलं ते." आणि मग मला, "हाव, कोन?"

पलीकडून दुसरं कोणी काही बोललं नाही. ती उत्तराची वाटही पाहत नव्हती असं वाटलं. तिने परत विचारलं, "कोन बोलून राहिलंय?"

मी फोन ठेवला, सर.